फ्रिस्टन, कार्ल जॉन

(१२ जुलै १९५९ – ). ब्रिटिश तंत्रिकावैज्ञानिक व मानसोपचारतज्ज्ञ. जिवंत मानवी मेंदूच्या प्रतिमांचे सांख्यिकीय विश्लेषण करण्याची जी पद्धती जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली, तिचे ते जनक मानले जातात. संवेदन, अध्ययन व कृती ही मेंदूची सर्व कार्ये एकाच गणितीय तत्त्वावरून उलगडता येतील असे प्रतिपादणाऱ्या ‘मुक्त ऊर्जा तत्त्वा’चेही ते प्रवर्तक होत. यांपैकी पहिले कार्य विज्ञानाच्या नित्य व्यवहाराचा भाग बनले आहे. दुसऱ्याविषयी तीव्र मतभेद आहेत. वरवर पाहता ही दोन भिन्न क्षेत्रांतील कार्ये वाटली, तरी दोहोंचे मूळ एकच आहे. जे प्रत्यक्ष दिसत नाही, त्याचे अनुमान अपुऱ्या व सदोष पुराव्यावरून कसे करावे, हा प्रश्न फ्रिस्टन यांनी प्रथम संशोधकाच्या बाजूने सोडविला व नंतर तोच मेंदूच्या बाजूने मांडला.

त्यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्क येथे झाला. लहानपणी बागेत वुडलाउस नावाच्या छोट्या कवचधारी प्राण्यांची धावपळ पाहत असता, हे प्राणी सावली शोधत नसून उन्हात केवळ अधिक वेगाने हालतात व म्हणूनच अखेर सावलीत आढळतात, असे आपल्या ध्यानी आले, अशी आठवण त्यांनी सांगितली आहे. हेतू नसतानाही वर्तन हेतुपूर्ण कसे दिसते, या त्यांच्या पुढील चिंतनाचे बीज या आठवणीत पाहावयास हरकत नाही. मात्र थोर व्यक्तींच्या बालपणीच्या आठवणींना त्यांच्या उत्तरायुष्याचा रंग चढलेला असतो, हेही लक्षात ठेवलेले बरे. केंब्रिज विद्यापीठात भौतिकी व मानसशास्त्र या विषयांसह निसर्गविज्ञानांचे शिक्षण घेऊन ते १९८० मध्ये पदवीधर झाले. त्यानंतर लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये त्यांनी वैद्यकाचा अभ्यास पूर्ण केला आणि ऑक्सफर्ड येथे मानसोपचाराचे प्रशिक्षण घेतले. ऑक्सफर्डजवळच्या लिटलमोर या जुन्या मनोरुग्णालयात दीर्घकाळ छिन्नमानस अर्थात् स्किझोफ्रेनिया या विकाराने पीडित असलेल्या रुग्णांच्या सहवासात त्यांनी सुमारे दोन वर्षे काढली. या रुग्णांच्या मेंदूत नेमके काय बिघडलेले असते, या प्रश्नाचे उत्तर त्या काळी कोणत्याही शवविच्छेदनातून किंवा क्ष-किरण चित्रातून मिळत नव्हते. प्रतिमांकनाच्या क्षेत्राकडे ते वळले, ते या प्रश्नाचा मागोवा घेत.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात वैद्यकीय संशोधन परिषदेचा सायक्लोट्रॉन विभाग होता. या रुग्णालयात १९५५ पासून वैद्यकीय कार्यासाठी सायक्लोट्रॉन चालविला जात होता. रिचर्ड फ्रॅकोविआक यांच्यासह तेथे काम करीत असता फ्रिस्टन यांचा पॉझिट्रॉन उत्सर्जन छेदचित्रणाशी निकट परिचय झाला. या पद्धतीत ऑक्सिजन-१५ या किरणोत्सर्गी समस्थानिकाने युक्त असे पाणी अल्प प्रमाणात शिरेत टोचतात. या समस्थानिकाचे अर्धायुष्य जेमतेम दोन मिनिटांचे असल्याने तो रुग्णालयातच निर्माण करावा लागतो. त्यातून बाहेर पडणारा पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनाशी संयोग पावून नष्ट होतो व परस्परविरुद्ध दिशांनी दोन गॅमा फोटॉन निघतात. डोक्याभोवती बसविलेल्या अभिज्ञातकांनी ते टिपले, की मेंदूच्या कोणत्या भागात रक्तप्रवाह वाढला याचे चित्र तयार करता येते. मेंदूचा जो भाग कार्यरत होतो तेथे रक्ताचा पुरवठा वाढतो, हे या पद्धतीचे अधिष्ठान आहे.

तथापि चित्र तयार होणे वेगळे व त्यावरून निष्कर्ष काढणे वेगळे. १९८० नंतरच्या दशकात बहुतेक संशोधक मेंदूतील काही भाग आधीच निवडून, त्यांच्याभोवती रेषा आखून केवळ तेवढ्याच भागांतील बदल मोजत असत. जेथे पाहिलेच नाही तेथे काय घडले, हे अर्थातच कळत नसे. शिवाय रेषा कोठे आखावी हे पाहणाऱ्याच्या मतावर अवलंबून राही. संपूर्ण मेंदूच निरीक्षणाखाली आणावा आणि प्रत्येक बिंदूपाशी तोच एक सांख्यिकीय प्रश्न विचारावा, अशी फ्रिस्टन यांची भूमिका होती. त्यासाठी प्रथम निरनिराळ्या व्यक्तींचे मेंदू गणिती रूपांतराने एका प्रमाणभूत आराखड्यात बसवावयाचे, प्रतिमा किंचित् धूसर करून यदृच्छ चढउतार कमी करावयाचे आणि मग व्हॉक्सेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रत्येक सूक्ष्म घनाकृती भागासाठी, प्रयोगातील कृती व विश्रांती या अवस्थांमधील फरक त्याच्या अनिश्चिततेच्या मानाने किती मोठा आहे हे मोजावयाचे. या मूल्यांचे जे चित्र बनते, त्याला त्यांनी ‘सांख्यिकीय प्राचलीय मानचित्र’ असे नाव दिले. वृत्तपत्रांत मेंदूच्या चित्रावर जे लालपिवळे ठिपके दिसतात, ते बहुधा अशाच मानचित्राचे असतात. त्या जागी मेंदू ‘उजळला’ असा त्यांचा अर्थ नसून, तेथील फरक केवळ योगायोगाचा नसावा एवढेच ते सांगतात. सामान्य वाचकांचाच नव्हे, तर कित्येकदा अभ्यासकांचाही या बाबतीत घोटाळा होतो.

परंतु योगायोगाचा नसावा हे तरी कशावरून ठरवावयाचे? मेंदूच्या एका प्रतिमेत सुमारे एक लाख व्हॉक्सेल असू शकतात. पाच टक्के चूक चालेल हा नेहमीचा निकष प्रत्येकाला स्वतंत्रपणे लावला, तर मेंदूत काहीही घडलेले नसतानाही सरासरीने पाच हजार व्हॉक्सेल ‘क्रियाशील’ दिसतील. याउलट एक लाख चाचण्यांचा हिशोब धरून निकष तितक्या पटींनी कडक केला, तर खरे बदलही नजरेतून निसटतील. कारण शेजारचे व्हॉक्सेल परस्परांपासून स्वतंत्र नसतात. मार्ग निघाला तो यादृच्छिक क्षेत्रांच्या भूमितीतून. माँट्रिऑल येथील मॅक्‌गिल विद्यापीठातील सांख्यिकीविज्ञ कीथ वर्स्ली यांनी १९९२ मध्ये हे गणित मेंदूच्या प्रतिमांना लावून दाखविले. डोंगराळ प्रदेशात पुराचे पाणी चढत गेले म्हणजे लहान टेकड्या बुडून केवळ उंच माथे बेटांसारखे उरतात. यदृच्छया बनलेल्या भूप्रदेशात अमुक पातळीच्या वर किती माथे राहतील हे भूपृष्ठाच्या गुळगुळीतपणावरून सांगता आले, तर त्याहून अधिक उंच असलेला माथा खरा मानता येईल. फ्रिस्टन, वर्स्ली व त्यांचे सहकारी यांनी १९९४ व १९९५ च्या निबंधांत ही विचारसरणी सर्वसाधारण रैखिक प्रतिमानाशी जोडून पूर्णत्वास नेली. यासाठीचा संगणकीय कार्यक्रमसंच फ्रिस्टन यांनी १९९१ पासूनच इतर प्रयोगशाळांना विनामूल्य देण्यास सुरुवात केली होती. पद्धतीच्या प्रसाराचे श्रेय तिच्या गणिताइतकेच या औदार्यालाही द्यावे लागेल. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी रक्तातील ऑक्सिजनाच्या प्रमाणावर आधारलेले चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन मांडले व १९९२ पासून ते मानवावर वापरले जाऊ लागले. किरणोत्सर्गी द्रव्याची गरजच न उरल्याने प्रयोगांची संख्या झपाट्याने वाढली, तेव्हा या नव्या प्रतिमांसाठी विश्लेषणाची चौकट जवळजवळ तयार होती.

तिच्या गैरवापराचीही उदाहरणे आहेत. २००९ मध्ये अमेरिकेतील क्रेग बेनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा चुंबकीय अनुस्पंदन यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखविली’. अनेक चाचण्यांबद्दलची दुरुस्ती न करता विश्लेषण केले असता त्याच्या मेंदूत काही क्रियाशील व्हॉक्सेल आढळले. दुरुस्ती करताच ते नाहीसे झाले. हा विनोद गंभीर होता, कारण तेव्हा प्रसिद्ध होणाऱ्या काही निबंधांत अशी दुरुस्ती केलेली नसे. २०१६ चा आक्षेप अधिक मूलगामी होता. अँडर्स एकलुंड, टॉमस निकल्स व हान्स क्नुटसन यांनी ४९९ निरोगी व्यक्तींच्या विश्रांत अवस्थेतील प्रतिमांवर सुमारे तीस लक्ष कृत्रिम विश्लेषणे करून पाहिली. शेजारशेजारच्या व्हॉक्सेलांच्या पुंजक्याच्या आकारावरून निष्कर्ष काढण्याच्या रीतीत, पाच टक्के अपेक्षित असलेली चूक काही परिस्थितींत सत्तर टक्क्यांपर्यंत जाते, असे त्यांना आढळले. फ्रिस्टन यांच्या कार्यक्रमसंचासह प्रचलित असलेले तिन्ही प्रमुख संच या टीकेच्या कक्षेत आले. आरंभीची सीमा फार सैल ठेवली तरच असे घडते, सिद्धांतात दोष नाही, असे उत्तर फ्रिस्टन व गियोम फ्लँडिन यांनी दिले. ते गणितदृष्ट्या बरोबर असले, तरी सैल सीमा वापरणारे संशोधक पुष्कळ होते, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही. आक्षेपकांपैकी निकल्स हे या पद्धतीवरील २००७ च्या प्रमाणग्रंथाचे फ्रिस्टन यांच्यासह सहसंपादक होते, ही गोष्ट या क्षेत्रातील निकोप वातावरणाची द्योतक आहे.

१९९४ पासून फ्रिस्टन यांनी लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथे नव्याने स्थापन झालेल्या वेलकम संस्थेच्या बोधात्मक तंत्रिकाविज्ञान विभागात कार्य केले व पुढे ते युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे प्राध्यापक झाले. मेंदूच्या रचनेतील सूक्ष्म फरक मोजण्याची व्हॉक्सेलनिष्ठ आकारमितीची पद्धत जॉन ॲशबर्नर व त्यांनी २००० मध्ये विशद केली. त्याच वर्षी एलिनॉर मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या साहाय्याने लंडनच्या १६ टॅक्सीचालकांच्या मेंदूंची तपासणी केली. स्थलस्मृतीशी निगडित असलेल्या हिपोकॅम्पस या भागाचा मागील अंश त्यांच्यात इतरांहून मोठा असल्याचे त्यांना आढळले. लिटलमोरमधील मूळ प्रश्नही सुटला नव्हता. १९९५ मध्ये क्रिस फ्रिथ यांच्यासह फ्रिस्टन यांनी असे सुचविले की, छिन्नमानस हा मेंदूच्या एखाद्या भागाचा विकार नसून निरनिराळ्या भागांतील परस्परसंबंध बिघडल्याचा विकार असावा. हे खरे असेल तर कोठे ठिपका पडला हे पाहून भागणार नाही; कोणता भाग कोणावर, किती व केव्हा परिणाम करतो, हे मोजता आले पाहिजे.

येथे अडचण अशी की, चुंबकीय अनुस्पंदनातून तंत्रिका कोशिकांची क्रिया दिसतच नाही. दिसतो तो रक्तातील ऑक्सिजनाचा बदल, आणि तोही पाचसहा सेकंदांनी कमाल मूल्यास पोहोचणारा. म्हणजे कारण अदृश्य आणि हाती आलेला परिणाम मंद व मिश्र. २००३ मध्ये ली हॅरिसन व विल्यम पेनी यांच्यासह फ्रिस्टन यांनी मांडलेल्या ‘गतिकीय कार्यकारण प्रतिमानन’ या पद्धतीत ही वाट उलटीकडून चालली जाते. मेंदूचे भाग परस्परांशी अमुक रीतीने जोडलेले आहेत असे गृहीत धरावयाचे, त्यापासून कोणते संकेत मिळावयास हवेत याचे गणित मांडावयाचे, ते प्रत्यक्ष संकेतांशी ताडून पाहावयाचे आणि अंतर कमी होईल अशा रीतीने गृहीतके बदलत जावयाचे. अनेक प्रतिमानांतून एक निवडताना केवळ अचूकता पाहून चालत नाही, कारण पुरेशी गुंतागुंत करीत गेले की कोणतेही प्रतिमान कोणत्याही आकड्यांना बसते. म्हणून अचूकतेतून गुंतागुंतीची किंमत वजा केली जाते. या हिशोबाला सांख्यिकीत जी राशी उपयोगी पडते, तिला भौतिकीतील साम्यावरून ‘मुक्त ऊर्जा’ असे म्हणतात. ही राशी जितकी कमी, तितके प्रतिमान अधिक ग्राह्य.

फ्रिस्टन यांच्या विचाराला कलाटणी मिळाली ती याच जागी. प्रतिमा तपासणाऱ्या संशोधकाची जी स्थिती, तीच कवटीच्या अंधारात बंदिस्त असलेल्या मेंदूची नव्हे काय? बाहेरचे जग त्याला कधीच दिसत नाही. हाती येतात ते डोळे, कान, त्वचा यांच्याकडून आलेले तुटक संकेत. त्यांवरून त्यांच्या कारणांचे अनुमान करणे हेच संवेदन होय, ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स यांनी एकोणिसाव्या शतकात ‘अजाण अनुमान’ या नावाने मांडलीच होती. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात तिला यंत्ररूप देण्याचा प्रयत्न पीटर डेयान, जेफ्री हिंटन, रॅडफर्ड नील व रिचर्ड झेमेल यांनी १९९५ मध्ये केला; त्यांच्या संगणकीय जालाचे नावच ‘हेल्महोल्ट्स यंत्र’ असे होते व ते मुक्त ऊर्जा कमी करीत शिकत असे. हिंटन यांनी १९९८ मध्ये लंडनला गॅट्सबी संगणकीय तंत्रिकाविज्ञान विभाग स्थापन केला. २००१ पर्यंत ते तेथे होते आणि हा विभाग क्वीन स्क्वेअरमध्ये, फ्रिस्टन यांच्या कार्यस्थानापासून काही पावलांवर होता. या शेजाराचा आपल्या विचारांवर झालेला परिणाम फ्रिस्टन यांनी मान्य केला आहे. तत्पूर्वी, नोबेल पारितोषिकविजेते जेरल्ड एडेलमन यांच्या अमेरिकेतील संस्थेत त्यांनी मेंदूच्या अध्ययनक्रियेचे संगणकीय अनुकरण केले होते (निबंध १९९४). म्हणून प्रतिमांकनाकडून कृत्रिम बुद्धिमत्तेकडे ते अकस्मात् वळले, असे म्हणणे बरोबर नाही.

२००५ ते २०१० या काळातील निबंधांत त्यांनी या तत्त्वाची मांडणी केली. मेंदू जगाचे एक प्रतिमान बाळगतो, त्यावरून येणाऱ्या संवेदनांचे भाकीत करतो आणि भाकीत व प्रत्यक्ष यांतील तफावत कमी करण्यासाठी झटतो. तफावत कमी करण्याचे मार्ग दोन : आपली समजूत बदलणे, हे संवेदन व अध्ययन, किंवा जग बदलणे, ही कृती. थंडी वाजत असता उबेची अपेक्षा सोडून देण्याऐवजी मनुष्य घोंगडी ओढून घेतो, हे दुसऱ्या मार्गाचे साधे उदाहरण. याला ‘सक्रिय अनुमान’ असे नाव आहे. पुढे फ्रिस्टन यांनी हे तत्त्व मेंदूपुरते न ठेवता, परिसरापासून आपले वेगळेपण टिकविणाऱ्या सर्व सजीवांना लागू केले.

या व्याप्तीमुळेच टीका ओढवली. तफावत टाळणे हेच ध्येय असेल, तर प्राणी काहीही घडत नसलेल्या अंधाऱ्या खोलीत का बसून राहत नाहीत, हा आक्षेप प्रसिद्ध आहे. भुकेल्या प्राण्याचे शरीरच अन्नाची अपेक्षा बाळगून असते, त्यामुळे अंधारी खोली त्याच्या दृष्टीने तफावतीनेच भरलेली असते, असे त्याला उत्तर देण्यात आले. दुसरा आक्षेप असा की, प्रत्येक वर्तन ज्यात बसविता येते ते तत्त्व प्रयोगाने खोटे पाडता येत नाही. फ्रिस्टन हे नाकारीत नाहीत. यामिकीतील लघुतम क्रियेच्या तत्त्वाप्रमाणे हे गणितीय तत्त्व आहे. कसोटीस लावावयाची ती मेंदू ते कसे अमलात आणतो याविषयीची गृहीतके, असे त्यांचे म्हणणे आहे. हा बचाव तर्कशुद्ध आहे. पण त्यामुळे तत्त्वाचे महत्त्व त्यापासून निघणाऱ्या गृहीतकांच्या यशावर अवलंबून राहते आणि त्या बाबतीत पुरावा अद्याप विरळ आहे. जपानमधील ताकुया इसोमुरा यांच्यासह २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पात्रात वाढविलेल्या उंदरांच्या तंत्रिका कोशिका मिश्र संकेतांतून मूळ उद्गम वेगळे करावयास शिकतात व त्यांच्यातील बदल तत्त्वाने वर्तविलेल्या दिशेने होतात, असे आढळले. त्याआधी २०२२ मध्ये मेलबर्नच्या ब्रेट केगन यांच्या प्रयोगात, ज्याचे फ्रिस्टन सहलेखक होते, अशा सुमारे आठ लक्ष कोशिका ‘पाँग’ हा साधा संगणकीय खेळ काही अंशी खेळू लागल्या. चूक झाली की कोशिकांना विस्कळीत, अनपेक्षित संकेत दिले जात. अचूक फटक्यानंतर नियमित संकेत मिळत. निबंधाच्या शीर्षकात या कोशिकांना ‘संवेदनक्षम’ म्हटल्याबद्दल अनेक शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये जाहीर आक्षेप घेतला. त्या एका शब्दामुळे प्रयोगाचे खरे मोल झाकोळले गेले, असे वाटते.

कृत्रिम बुद्धिमत्तेशी फ्रिस्टन यांचे नाते दुहेरी आहे. त्यांच्या आवडत्या राशीचाच वापर २०१३ मध्ये डीडेरिक किंगमा व मॅक्स वेलिंग यांनी प्रतिमानिर्मिती करणाऱ्या जालांसाठी केला आणि तो अतिशय फलदायी ठरला. मात्र प्रचंड माहितीच्या साठ्यावर शिकविलेल्या आजच्या जालांना आपण काय जाणत नाही याचा अंदाज नसतो व ते दूर करण्यासाठी ती स्वतः होऊन जगाकडे वळत नाहीत, अशी त्यांची टीका आहे. सक्रिय अनुमानावर आधारलेली यंत्रे बनविण्याच्या उद्देशाने २०२२ मध्ये ते ‘व्हर्सेस’ या कंपनीत मुख्य शास्त्रज्ञ म्हणून गेले. या मार्गाने रूढ पद्धतींच्या तोडीचे यश मोठ्या प्रमाणावर मिळाल्याचे अजून दिसलेले नाही.

२०२० च्या करोना साथीत त्यांनी मेंदूसाठी घडविलेले गतिकीय प्रतिमानन रोगप्रसाराला लावले व ब्रिटनमधील ‘इंडिपेंडंट सेज’ या स्वतंत्र शास्त्रज्ञगटात भाग घेतला. लोकसंख्येचा मोठा हिस्सा रोगाला सहज बळी पडणारा नसावा, असे त्यांच्या प्रतिमानातून निघाले होते. त्याचे कारण अज्ञात असल्याने त्यांनी त्याला खगोलविज्ञानातून उसना घेतलेला ‘कृष्णद्रव्य’ हा शब्द वापरला. या निष्कर्षावर साथरोगतज्ज्ञांनी टीका केली. पुढ्यात असलेल्या प्रतिमानांतून सर्वांत ग्राह्य कोणते हे ही पद्धत सांगते. खरे प्रतिमान त्यांत आहे की नाही हे ती सांगू शकत नाही.

फ्रिस्टन यांना २००३ मध्ये मिनर्व्हा प्रतिष्ठानचे ‘गोल्डन ब्रेन’ पारितोषिक मिळाले व २००६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व लाभले. २०१६ मध्ये शास्त्रीय वाङ्‌मयाची छाननी करणाऱ्या ‘सिमँटिक स्कॉलर’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कार्यक्रमाने प्रभावी तंत्रिकावैज्ञानिकांची क्रमवारी लावली, तीत त्यांचे नाव पहिले होते. त्यांच्या सहलेखनाच्या व संपादनाच्या ग्रंथांत ह्यूमन ब्रेन फंक्शन (१९९७), स्टॅटिस्टिकल पॅरामेट्रिक मॅपिंग (२००७) व टॉमस पार आणि जोव्हान्नी पेझुलो यांच्यासह लिहिलेला ॲक्टिव्ह इन्फरन्स (२०२२) हे उल्लेखनीय आहेत.